दादानं बसवलंय

...आणि वर मामा म्हणतो, 'तू खाली उतर, मला बघू दे.' अरे, उतरू कुठून? तुम्हीच सांगा. आमची शेड म्हणजे काय, तर दोन भिंतींच्या मधे राहिलेली फट, तिच्यावर पत्रा टाकलाय. तिच्यात दादानं व्हॅन घातलेली. दार उघडतं किती, तर वीतभर. त्यातून हात बाहेर जातो, माणूस जात नाही. दादा मागच्या दारानं शिरायचा आणि सीटवरून ढांग टाकून पुढे यायचा. मीही तसाच आलो. मी बूड टेकतोय तोच मामानं मागून वहिनीचं सामान चढवायला घेतलं. कपाट, गाद्या, शिलाई मशीन, भांड्यांची पोती, पार छतापर्यंत. का, तर 'गाडी सुरू झाली की लगेच निघायचं, खोळंबा नको.' झाला ना खोळंबा? मागे सामान, दोन्हीकडे भिंती, आणि इंजिन... आमच्या व्हॅनला इंजिन पुढच्या दोन सीटच्या मधे आहे, झाकणाखाली. म्हणजे मी आणि ते, दोघंच आत कोंडलेले, आणि दोघांचाही आवाज बंद.

'फिरव परत,' मामा म्हणाला.

फिरवली. खर्र-खर्र-खर्र... गप.

तुम्हाला सांगतो, हे इंजिन दादानं उघडलं होतं. तळापासून. पिस्टन नवे, रिंगा नव्या, वरचं हेड घासून आणलेलं. सगळं जोडत आणलं, वरच्या नळ्या आणि हवेचा पाइप तेवढा राहिला, आणि म्हणाला, 'चहा टाक, हात धुऊन आलो.' चहा झाला तरी माणूस येईना, म्हणून बघायला गेलो तर नळाजवळ बसलेला, भिंतीला टेकून, नळ चालूच. डॉक्टर म्हणाले, हृदय. आम्ही म्हटलं, असेल. मी शाळेत गेलो तो मास्तरांची सायकल पुसण्यापुरता, मला काय कळतं? मला एवढंच कळलं की नळ बंद करायला पाहिजे.

तर राहिलेलं मी जोडलं. डोक्यात घेतलं आणि जोडलं, माझं सगळं असंच असतं. पण एक नियम ठेवला. दादानं जे बसवलंय त्याला हात लावायचा नाही. नट सैल वाटला तरी नाही, वाकडं दिसलं तरी नाही. दादानं बसवलंय ना? मग संपलं.

आणि वहिनी बाहेर पायरीवर बसलेली, हातात पिशवी. तिला तिच्या बहिणीच्या गावी कपड्यांच्या कारखान्यात काम लागलंय, खोलीही बघून ठेवलीय. म्हणाली, 'जाईन तर यांच्या गाडीतून जाईन. सुरू होईपर्यंत आहे इथे.' ती एकदा बोलली की बोलली. आता बघा माझी गंमत. गाडी सुरू झाली तर वहिनी जाणार. मग घरात राहणार कोण, तर मी आणि आई, भिंतीकडे बघत. आणि नाही सुरू झाली तर गल्लीभर होणार, की दादाचं शेवटचं काम फसलं. तुम्ही काय केलं असतं? चावी फिरवली असती की गिळली असती?

'फिरव परत.'

खर्र-खर्र-खर्र... गप.

मामानं एके काळी ट्रॅक्टर चालवलाय. चालवलाय म्हणजे, चालवणाऱ्याच्या शेजारी बसलाय. तो म्हणाला, 'ढकलू या.' कुठे ढकलणार? शेडची जमीन आतल्या बाजूला उतरती. दोघांनी ओढून बघितली, गाडी इंचभर बाहेर आली आणि हातभर आत गेली. माझा आरसा भिंतीला लागून मिटला. मग आई खिडकीच्या फटीशी आली, हळूच म्हणाली, 'दमला असशील. राहू दे आज. उद्या बघ, परवा बघ.' आईला घाई नव्हती, लक्षात आलं ना? आई चार दिवस वहिनीला म्हणतेय, 'तुझ्या हातची भाकरी गिळवत नाही मला,' आणि रोज एक जास्तीच खातेय.

शेवटी मामानं मिस्त्रींना आणलं. दादाचे उस्ताद. पोट एवढं की शेडमधे शिरताना त्यांना श्वास सोडावा लागला, आणि परत घ्यायला जागाच मिळेना. तसेच भिंतीला चिकटून विचारू लागले.

'बॅटरी?'

'नवी आहे.'

'डिझेल पोचतंय? नळीतली हवा काढलीस?'

काढली. त्यांच्यासमोर परत काढली. नट सैल केला, हातपंप मारला, फेस आला, मग निखळ डिझेल, अर्धं माझ्या पँटवर.

'स्टार्टर फिरतोय, डिझेल येतंय. मग राहिलं काय? इंजिनाला हवा मिळत नसेल. तो पाइप काढ, आतलं तोंड बघ.'

मी म्हटलं, 'पाइप मी लावलाय. तोंड दादानं बसवलंय.'

'मग?'

'मग त्याला हात नाही लावायचा.'

मिस्त्रींनी खिडकीवर थाप मारली. 'अरे गाढवा, तो माझ्याकडे शिकला. त्याला पहिला पाना मी दिला, आणि त्यानं तो माझ्या पायावर पाडला.'

'पाडला असेल. पण दादानं बसवलंय.'

मामा ओरडला, 'हा मुद्दाम करतोय. याला गाडी सुरूच करायची नाही.' मी मिटलेला आरसा उघडायला लागलो.

तेव्हा वहिनी उठली. बारीक आहे, ती फटीतून सरळ माझ्या खिडकीपाशी आली. म्हणाली, 'तुझा दादा काय देव होता?'

मी पँटवरचं डिझेल पुसायला लागलो.

'घोरायचा. गॅस चालू ठेवून अंघोळीला जायचा. आणि उघडं काही दिसलं की त्यात चिंधी कोंबायचा. तेलाच्या बाटलीचं बूच हरवलं, कोंब चिंधी. उंदराचं बीळ दिसलं, कोंब चिंधी. माझ्या बरणीत कोंबलेला मोजा मी काढलाय भावजी, मोजा. आता मला सांग, तो हात धुवायला गेला तेव्हा ते इंजिनाचं तोंड उघडं होतं की नाही?'

होतं.

'मग तो उघडं टाकून जाईल?'

पलीकडच्या भिंतीशी अडकलेले मिस्त्री एकदम म्हणाले, 'आत नट पडू नये म्हणून बोळा लावायला मीच शिकवलं त्याला.' आणि मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

पाइप काढला. बोटं आत घातली. मऊ लागलं. ओढलं तर येतच राहिलं, काळं, तेलकट, लांबच लांब... दादाचं बनियन. पाइप बसवताना मी आत डोकावलोच नव्हतो, कारण काय? दादानं बसवलंय. म्हणजे तो बिचारा नियमानं बोळा लावून गेला, हात धुऊन येऊन काढणार होता, आणि मी त्या बोळ्यावर पाइप घट्ट आवळून दिवसभर चावी फिरवतोय, की बाबा, श्वास घे.

बनियन खिडकीतून आईकडे दिलं. आईनं वास घेतला. डिझेलचा. दादाला दुसरा वास होताच कधी? तिनं घडी घातली. तेलानं हात काळे झाले तरी नीट, बाह्या आत घेऊन घडी घातली.

'फिरव परत,' वहिनी म्हणाली. मामा नाही, वहिनी.

अर्धी चावीसुद्धा फिरली नाही हो. धडाड करून सुरू. शेडभर काळा धूर, सगळे खोकतायत, मामा खोकत खोकत सांगतोय, 'हवेचंच आहे असं मी मघापासून म्हणतोय.' आणि आवाज... घड्याळासारखा. मिस्त्री गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून ऐकत होते. म्हणाले, 'पोरानं काम चोख केलंय.' आई आत निघून गेली.

मग काय, निघालो. वहिनी शेजारी, मधे इंजिन, बोलायचं तर ओरडावं लागतं. पोचलो, सामान उतरवलं, तिच्या बहिणीनं हातभार लावला, आणि मी गाडी चालूच ठेवलेली. वहिनी म्हणाली, 'बंद कर की. जेवून घे.'

म्हटलं, 'बंद केली आणि परत सुरू झाली नाही तर?'

ती म्हणाली, 'तर राहा इथेच. मला काय जड आहेस?'

तुम्हाला सांगतो, एवढ्या झपाट्यानं मी आयुष्यात चावी काढली नव्हती. जेवलो. झोपलो. सकाळी उठून गाडीत बसलो, वहिनी दारात उभी. मी मनातल्या मनात म्हणालो, दादा, एकदाच, फक्त एकदा, नाही म्हण.

आणि हळूच, अगदी नखभर चावी फिरवली.

पहिल्या फिरकीला सुरू. एवढं चोख काम करायला त्याला कुणी सांगितलं होतं, सांगा ना?