चोपन्न टक्के

नाही, सर घरात नाहीत — या, आत या, चपला राहू द्या — सर गेले. व्हय, तसंच गेले. फेब्रुवारीत. शनिवार होता, माझी सकाळची शाळा, साडेअकराला घरी आले, भिजलेली मटकी उपसली, फडक्यात बांधली, गाठ मारतेय तर फोन. आयटीआयमधले गुरुसिद्धप्पा. ‘मॅडम, सरांना वर्कशॉपात चक्कर आलीय, निघा.’ चक्कर कसली! येडशीहून धाराशिवला जायला वेळ तो किती लागतो, तरी मी पोचले तवर चादर टाकली होती. मटकीला मोड आले मागनं, चांगले बोटभर, कुणी खाल्ली कुणास ठाऊक. मी दैवशाला, त्यांची बायको. आणि तुम्ही सोलापूरचे मल्लेश — ओळखलं मी — ते डबडं फरशीवर नका ठेवू, गळतंय त्यातनं! कागदावर ठेवा. बोट नका लावू, ते साबणानंही जात न्हाय.

वास आला ना? तोच. तीन वर्षं या घरात हाच वास — सडक्या कांद्यावर रंगाचा डबा सांडावा तसा. उदबत्ती लावली तर दोन्ही वास यायचे. आयटीआयला लेथ शिकवणारा माणूस, पोरं वचकून असायची, आणि घरी आला की निळे हातमोजे घालून त्या थ्रीडी प्रिंटरच्या यंत्रापुढं बसायचा, ओल्या रेझिनातनं खेळातले बारके रणगाडे काढत. माझी चहाची गाळणी घेतली रेझिन गाळायला. विचारलं नाही, घेतली. आणि उन्हाळ्यात गच्चीवर माझे साबुदाण्याचे पापड, त्याच बाजेच्या कडेला यांचे रणगाडे — उन्हानं घट्ट होतात म्हणे! सगळे पापड उकिरड्यावर टाकले मी. आठ दिवस बोलले नाही. बरं, रणगाडा म्हणावा तर तोही धड नाही, चाक नाही, पट्टा नाही, कुठल्या तरी दुसऱ्या ग्रहावर हवेत तरंगतो. इथं एसटी खड्ड्यातनं निघंना! आणि शिकलेली, मिशा फुटलेली माणसं टेबलाभोवती जमतात, फासे टाकतात, टेपनं अंतर मोजतात आणि म्हणतात, मेली तुझी पलटण. हसू नका, तुम्हीच त्यातले. मेली म्हणायला काय जातं?

काय म्हणालात? मार्चमधले मेसेज? — असतील की, त्यांचा फोन चालू आहे — नाही, फोन आपोआप कसा लिहील. सरबत घेता का? — मीच लिहिले. झालं? मी. दहाव्याच्या दिवशी तुमचा मेसेज आला, ‘सर, माझे सहा रणगाडे कधी?’ घरात पंचवीस माणसं, जो तो मला विचारतोय दोन घास खाल्ले का, आणि तुम्ही त्यांना काम सांगताय. कळवायलाच घेतला होता फोन, खरं सांगते. ‘सर’ एवढं लिहिलं. मग ते पुसलं आणि लिहिलं, ‘करतो. थोडा वेळ द्या.’ करतो — असं लिहिलं मी. तुम्ही अंगठा पाठवलात. मग तुमचं आपलं सुरू — सर, तोफ जाड ठेवा, सर, घाई नाही, सर, तब्येत सांभाळा. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, तुम्हालाच तेवढं नव्हतं. तुम्हाला ते अजून वर्कशॉपला जाऊन येत होते.

मग करायलाच लागलं. नाकाला फडकं, त्यांचे हातमोजे — मला बोटं लांब पडतात. यंत्र लावताना दारातनं तीन वर्षं बघितलेलं, नाक मुरडत का होईना. फाईल मोठ्या सैनिकांच्या मापाची, तुमची पलटण बारकी, म्हणजे चोपन्न टक्के करायचं, एवढं त्यांच्या तोंडून ऐकून पाठ. टाकला आकडा. पहिले दोन शेवाळासारखे निघाले, हातात घेतले आणि मोरीत जाऊन ओकले. पुन्हा लावले. सहा झाले. स्पिरिटनं धुतले, उन्हात ठेवले — व्हय, त्याच बाजेवर — आणि तुम्हाला पार्सल केले.

आणा बघू इकडं. उलटा करा. पोटातनं फुटलाय. हा आत पोकळ असतो, ओलं रेझिन निथळून जावं म्हणून खाली दोन भोकं ठेवतात — हां, ही — बघा, मोहरी जाणार नाही यातनं. गाडा चोपन्न टक्के केला तशी भोकंही चोपन्न टक्के झाली की! काकवीसारखं असतं ते, कसं निथळावं? राहिलं आतच. वरनं घट्ट, तुम्ही रंगवलाही छान, आणि तीन महिन्यांनी हे असं — शी! — सगळ्या पलटणीवर. चांगली बारीक रंगवली होती हो माणसं. ह्याच्या डोळ्यांतसुद्धा गेलंय.

पण तुम्ही तुमच्या त्या खेळाच्या ग्रुपवर काय लिहिलंत? ‘रामहरी सरांचं काम घसरलं.’ वाचलं मी. दोन दिवस वाचतेय, खाली सत्तर जणांनी मान हलवलीय. ते आधी पुसा. आत्ता, माझ्यादेखत. तीस वर्षं सुताइतकी चूक खपवून घेतली नाही त्या माणसानं, पोरांनी लेथवर काढलेले जॉब भंगारात फेकायचा. हे त्याचं काम नव्हे. लिहा — सर फेब्रुवारीत वारले, हे सहा त्यांच्या बायकोनं केले. लिहा ना, मला नाही जमत ते, बसते आणि ‘सर’च्या पुढं हात चालत नाही. — लिहिलं? दाखवा. ‘वारले.’ हं.

निघा आता, गाडी चुकेल. डबडं राहू द्या इथंच. नाही, नवे करून देणार नाही, विचारू नका.

त्या शनिवारी मी शाळेला निघाले होते. चपला घालतेय, आतनं हाक आली — ‘अगं, लहान केलं की भोकं — ये ना, दोन मिनिटं, दाखवतो.’ म्हटलं, त्या घाणीत मी पाय ठेवणार नाही.

मी बघायला गेले नाही.