मिटल्या डोळ्यांचा भोपळा

अहो, अशी नाही, अशी नाही धरायची सुरी — तो काय पाव आहे? द्या इकडे. हे बघा, अंगठा सुरीच्या पाठीवर, बाकीची बोटं मुठीवर, आणि दुसरा हात सुरीच्या वाटेत आणायचा नाही. कधीच नाही. घाबरू नका, भोपळा चावत नाही, पण सटकतो मेला. हां, आता देठाभोवती गोल कापायचं, पण सुरी सरळ उभी नको, आत झुकवून — का? कारण सरळ कापलंत तर झाकण आत पडतं, आणि मग भोपळ्याच्या डोक्यात हात घालून बसा झाकण शोधत. मी बसलेय. मला कोण शिकवणार होतं? माझं मीच शिकले. पार्लर बंद केलं, गुडघे म्हणाले पुरे आता उभं राहणं, मग घरात करायचं काय? लोकर विणून बघितली — नाही रमलं मन. लोकरीला चेहरा नसतो ना! उभी हयात बायकांच्या चेहऱ्यांवर हात फिरवण्यात गेली माझी. कुणाची भुवई कुठे वर चढते, कुणाचा गाल कुठे बसलाय, नुसत्या बोटांनी सांगेन. थांबलात का? माझं तोंड चालू राहतं, तुमचा हात चालू राहू दे.

निघालं झाकण? आता हात घाला आत. घाला हो, चमचा नंतर, आधी हात. गिळगिळीत लागणारच, ती काय उशी आहे? हे धागे, ह्या बिया, सगळं या पातेल्यात. आमच्या ह्यांना याची इतकी शिसारी, की मी भोपळा कापायला घेतला रे घेतला की हे पेपर घेऊन गॅलरीत. लोक तिकीट काढून कला बघायला जातात, आणि इथे फुकटात चाललीय तर नवरा पाठ करून बसतो! भाऊजींचं तसं नव्हतं. भाऊजी म्हणजे माझे दीर, ह्यांचे धाकटे भाऊ. वरच्या मजल्यावर राहायचे — राहायचे म्हणजे, आता नाहीत. गेले. सांगते. पण माझे भोपळे आणायचे ते भाऊजींनीच. बाजारात प्रत्येक भोपळा उलटा करून बूड बघणार — बूड सपाट लागतं, नाहीतर ऐन प्रदर्शनात तुमची कला टेबलावरून गडगडत जाते — मग स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून आणणार, आणि दारातूनच हाक, "वहिनी, गिऱ्हाईक आणलंय!" गिऱ्हाईक! पार्लरवरून थट्टा माझी. मग इथे, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत बसून भोपळ्याच्या आत दिवा धरायचे, मी बाहेरून साल तासायची, आणि ते सांगायचे, "गाल अजून उजळू द्या, कपाळ पुरे." नजर होती त्यांना. माझ्या घरात कुणाला तरी होती म्हणायची — अहो, उठताय काय? खुर्ची आहे ती. खुर्चीवर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं? बसा.

आता चमचा घ्या. सगळीकडून नाही खरवडायचं, फक्त पुढची भिंत, जिथे चेहरा येणार तिथली. बोटाच्या जाडीएवढी राहिली की थांबायचं. लोकांना वाटतं, डोळ्यांना दोन त्रिकोण, तोंडात चार दात, झाला भोपळा! ती पोरांची गंमत. खरं काम सालीत असतं. साल ठेवलीत तिथे काळोख, वरवर तासलीत तिथे नारिंगी, अजून खोल गेलात की पिवळं, आणि आरपार कापलंत की नुसता उजेड. गाल कापायचा नसतो, तासून उठवायचा असतो. कडांना व्हॅसलीन, म्हणजे सुकत नाहीत. बागकाम मंडळाचं प्रदर्शन भरतं ना, त्यात कोरीव भोपळ्यांमध्ये मी दरवर्षी पहिली. दुसरं कुणी असायचं का म्हणजे? असायचं की. एक गृहस्थ घुबड आणायचे. दरवर्षी घुबडच.

मग ते रागीट बाईचं प्रकरण झालं. ते ऐकूनच आला असाल तुम्ही, गावात ऐकवायला लोकांना दुसरं आहे काय! त्याचं असं झालं, की धाकटी — माझी जाऊ, भाऊजींची बायको — तिचं माझं आपलं विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्यात विळी कोण ते विचारू नका. पण भांडण नाही हां, आवाज चढला नाही कधी या घरात. ती आपली जिन्याने वर जाताना माझ्या दारातलं पायपुसणं पायाने सरळ करून जायची. रोज. वाकडं नसलं तरी. आता याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा. नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रारखिडकीवर, त्यामुळे चेहरा सदा असा — अर्ज परत केल्यासारखा. तर त्या वर्षी मी एक रागीट बाई कोरली. कुणीही एक रागीट बाई! जगात एकच आहे का? खालचा ओठ जरासा पुढे, एक भुवई वर, हनुवटीला खळगा. आता प्रदर्शनात लोक थांबून थांबून "अगंबाई, ही तर पाणीपुरवठ्यातली!" म्हणून हसायला लागले, तर त्याला मी काय करणार? मी मुद्दाम नव्हतं केलं. भाऊजी दिवा धरून बसले होते ना कोरताना, विचारा त्यांना — म्हणजे, असते तर विचारलं असतंत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "वहिनी, तो ओठ जरा मागे घ्या." मी म्हटलं, एकदा तासलेली साल परत चिकटत नाही, भाऊजी.

धाकटी आली प्रदर्शनाला. पर्स पोटाशी धरून भोपळ्यासमोर उभी राहिली. आजूबाजूचे हसायचे थांबले. तिने बघितलं, खाली वाकून बघितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नाक चुकलंय, वहिनी." बस्स, आणि गेली. भाऊजी तिच्यामागून. नाक चुकलं होतं म्हणे! मी नाक चुकेन? पहिलं बक्षीस मिळालं मला त्या नाकावर. पण बक्षीस घ्यायला व्यासपीठावर गेले तर टाळ्या वाजवायला आमचे हे एकटेच, आणि तेही पेपर काखेत धरून. त्यानंतर भाऊजी भोपळे आणेनासे झाले. स्कूटर बिघडलीय म्हणायचे. बिघडलेली स्कूटर रोज या खिडकीवरून जायची यायची. दिसायची मला. पण मी कशाला बोलू?

मग एका दुपारी जेवता जेवता त्यांना घाम फुटला, म्हणाले जरा पडतो, आणि पडले ते पडलेच. वरून धाकटीने जमिनीवर काहीतरी आपटलं, ताट असेल, पातेलं असेल — हाक मारायला आवाजच फुटला नसणार तिचा. आमचे हे अनवाणी धावले वर. मी मागून पोचले तोवर सगळं संपलं होतं. माझं आणि भाऊजींचं ते... स्कूटरचं, ते तसंच राहिलं. चालायचंच. माणसं काय आपलं बोलणं पुरं होईस्तोवर थांबतात? चमचा जोरात मारू नका, भिंत फुटेल.

मग धाकटी वरच राहायला लागली. कामावर जायची, यायची, पायपुसण्याकडे बघायचीही नाही. मला तर बाई चैनच पडेना. दार उघडलं की ते मेलं पायपुसणं वाकडं. मी स्वतः सरळ करायची आणि मग वाटायचं, आपण कुणासाठी करतोय हे? आणि एक दिवस दारात उभी. हातात भोपळा. मला म्हणते, "शिकवा मला." मी म्हटलं, काय कोरणारेस? तर म्हणाली, "आधी हात तर बसू दे." घटकाभर टेकून कधी माझ्या घरात बसली नाही ती बाई, ती त्या पातेल्यात कोपरापर्यंत हात घालून बसली. हात कसला तिचा! धड काकडी कापता येत नव्हती. पहिल्या भोपळ्याचा डोळाच आत पडला, दुसऱ्याचं झाकण, तिसरा सगळा फुटला. मी शिकवलं हां सगळं, हातचं राखून काही ठेवलं नाही — व्हॅसलीनचंसुद्धा सांगितलं. तिला भाऊजींचा चेहरा कोरायचाय हे मला काय कळत नव्हतं? म्हटलं, फोटो दे, मी आखून देते, टाचणीने ठिपके पाड आणि ठिपक्यांवरून जा. "फोटो नकोय." बरं, फोटो तरी कुठला असणार? घरात सगळ्यांचे फोटो काढायचे ते भाऊजींनीच, त्यामुळे प्रत्येक फोटोत आम्ही सगळे आणि ते कुठेच नाहीत. मग मी म्हटलं, मला तोंडपाठ आहे त्यांचा चेहरा, मी कोरते, तू दिवा धर. तशी तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, "वहिनी, हे मला करू द्या." आणि भोपळा उचलून वर घेऊन गेली.

मग हाक आली. वर जिन्याच्या वळणावर स्टूल आहे, त्यावर ठेवला होता तिने भोपळा, आणि आत दिवा लावला. मी बघितलं. आणि मला — आता खोटं कशाला बोलू, मला ओळखूच आला नाही. डोळे मिटलेले. तोंड जरासं उघडं, एका बाजूने खाली कललेलं, गाल उशीवर दाबल्यासारखा चपटा. कपाळ एवढं मोकळं, की जणू जन्मात कसली काळजी नाही. मी म्हटलं, अगं, हे भाऊजी? ते असे कधी दिसायचे? तर म्हणाली, "झोपेत."

झोपेत.

आता तुम्हीच सांगा, मिटलेले डोळे कोरायला काय लागतं? एक वाकडी रेघ. अवघड असतात ते उघडे डोळे. गालाची साल तर तिने नको तिथे तासली होती, कानाचा पत्ता नाही, कामात सफाई म्हणून नाही. हे सगळं माझ्या मनात येत होतं हं, तशी मी परखड आहे. आणि तेवढ्यात आमचे हे आले जिन्याने. भोपळ्याचं नाव काढलं की पळणारा माणूस! वळणावर आले आणि थबकले. मग कठड्याला धरून हळूच त्या पायरीवर बसले, भोपळ्याच्या शेजारी, आणि म्हणाले, "असाच झोपायचा. लहानपणी माझा अर्धा हात ओला व्हायचा." धाकटी हसली. हो, हसली! "उशीचे अभ्रे धुऊन धुऊन कंटाळले मी," म्हणाली. आणि बोलत बसले की हो दोघं, तो किती घोरायचा आणि कुशीवर वळताना कसा पुटपुटायचा. मी उभी होते तिथेच. मला त्यातलं काही सांगता येईना. मी त्यांना इथे या खुर्चीत बघितलं होतं, दिवा धरलेले. जागे. माझा भ्रमाचा भोपळा तिथल्या तिथे फुटला — हसा, हसण्यासारखंच आहे.

प्रदर्शनात ठेव म्हटलं तिला. मनापासून म्हटलं. तर म्हणाली, "तिथे कोण ओळखणार त्यांना?" मग मीही नाही ठेवला काही. गुडघे दुखत होते. पहिलं बक्षीस घुबडाला गेलं.

पण भोपळा तो भोपळाच. हळूहळू गाल बसले, मग तोंड आत गेलं, मग कपाळावर बुरशीची लव आली. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची तेव्हा बघायची. कपडे जरा जास्तच वाळत घालायला लागले होते मी त्या दिवसांत. धुतलेलेसुद्धा पुन्हा धुतले. वास सुटला, चिलटं आली, तरी धाकटी हलवेना त्याला. आमचे हे म्हणाले, तिला तू सांग. मी म्हटलं, मी नाही सांगणार, तुमचा भाऊ आहे. शेवटी तीच आली खाली आणि म्हणाली, "वहिनी, एका बाजूने तुम्ही धरा." धरला. तीन पायऱ्या उतरलो असू नसू, आणि बूडच निसटलं हो! सगळा राडा माझ्या अंगावर, तिच्या अंगावर, आणि खाली आमच्या ह्यांच्या नव्या बुटांत. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय, हातात नुसतं कपाळ. आणि ती हसायला लागली. मग मी. पोट धरधरून हसलो जिन्यात बसून, आणि तशीच, हसता हसताच, तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला, भोपळ्याने माखलेला. सवयच ना हाताला. आणि तेव्हा बोटांना कळलं. नाक खरंच चुकलं होतं माझं. एवढं टोकदार नाहीच आहे तिचं.

झाला की पोकळ तुमचा भोपळा. छान खरवडलाय, भिंत एकसारखी आलीय, हात आहे तुम्हाला. काय? फोटो? नको, मला नका दाखवू. कोण आहेत तेही सांगू नका. चेहरा कोरायचाय म्हणालात ना? मग माझं काम इथे संपलं. मी आतला गर काढायला शिकवते, साल तासायला शिकवते, नक्षी म्हणाल तर पानंफुलं शिकवते. चेहरे ती शिकवते. आता येईलच कामावरून, आलीसुद्धा असेल. फोटो पर्समध्येच ठेवा, ती मागणार नाही. ती तुम्हाला भलतंच काहीतरी विचारेल, तेवढं सांगा तिला. जा, जिना त्या बाजूला आहे. आणि तिला म्हणावं, वहिनींनी — नाही. काही नका म्हणू. जा तुम्ही.