तासातासाला एक थेंब

…आणि तुम्हाला सांगतो, प्रत्येक डॉक्टरचं शेवटचं वाक्य ठरलेलं, “घरी कुणीतरी असेलच की!” आता काय बोलायचं? आधी बोटं सुजली, सकाळी कात्रीत अंगठा जाईना, मी शिंपी माणूस, म्हणजे कारभारच आटोपला! सांध्यांच्या डॉक्टरांनी बोटं पाहिली, कोपरावरचे खवले पाहिले, लालभडक डोळा पाहिला आणि म्हणाले, आजार एकच आहे, तीन ठिकाणी निघालाय. शरीराचे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून झोडपतायत. म्हटलं वा, घरात मी एकटा, म्हणजे सगळा मार मलाच! पंधरवड्याचं इंजेक्शन सुरू झालं, ते नर्स देते, त्याचं काही नाही. पण त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं ते पाठीच्या मधोमध लावायला… माझा हात पोचणार कसा? घरी कुणीतरी असेलच की! मी मलम दाराच्या चौकटीला फासलं आणि पाठ घासली, चौकट मऊ झाली हो, पाठ तशीच. डोळ्यांच्या डॉक्टरांचे थेंब तासातासाला, हयगय केली तर नजर जाईल म्हणाले. आणि नजर गेली तर सुईत दोरा कोण ओवणार? पण ती बाटली सुजल्या बोटांनी दाबायची कशी? पहिला थेंब कानात, दुसरा मिशीवर, तिसरा… जाऊ द्या.

शेवटी बाटली घेऊन समोरच्या दुकानात गेलो. तिथलाही शिंपीच, माझी गिऱ्हाइकं पळवली म्हणून अकरा वर्षं अबोला. मी गुपचूप बाटली पुढे केली. त्याने डोळा पाहिला, मशीन थांबवलं, म्हणाला, “वर बघ.” अकरा वर्षांनी दोन शब्द! मग काय, दर तासाला रस्ता ओलांडून तोच यायचा, वर बघ, डोळा मीट, की चालला. संध्याकाळी मलमही लावायचा, तोंड वाकडं करून, पण लावायचा. आणि मधला तासभर मी काय करायचो? खोटं कशाला बोलू, वाट बघायचो.

पण इंजेक्शन लागू पडलं ना! थेंब दोन तासांवर गेले, मग दिवसाला दोन, आणि काल डॉक्टर म्हणाले, डोळा स्वच्छ, आता बंद. मी विचारलं, पंधरा दिवस वाढवून देता का? ते हसले, म्हणाले, घरच्यांना जरा सुट्टी द्या की. मी त्याला तसं सांगितलं, तो “बरं” म्हणाला आणि गेला. आज दहा वाजता माझी मान आपोआप वर… वर छत!

आता काय ती पाठ तेवढी उरलीय, आणि तीही मेली बरी होत चाललीय.