सांभाळणारं कुणी नाही

परदेशातल्या निवास-परवाना कार्यालयात माझ्या मागच्या बाकावर नर्सच्या गणवेशातली एक बाई आणि तिचे वडील बसले होते. बोलणं मराठीत होतं, म्हणून कान तिकडे गेले.

“बाबा, सही करा. आता आपला नंबर येईल.”

“आधी सांग, यात काय लिहिलंयस?”

“की तिकडे तुम्हाला सांभाळणारं कुणी नाही. त्याशिवाय तुमचा परवाना वाढत नाही.”

“मग तुझा दादा काय मेला?”

“हळू बोला.”

“का म्हणून? पोटचा मुलगा जिवंत असताना नाही म्हणून सही करू?”

“मग लावा त्याला फोन. चार महिन्यांत एकदा तरी उचललाय? तुम्ही जिन्यावरून पडलात, तेव्हा शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. तो त्याच गावात होता. मी दोन विमानं बदलून आले.”

“कामात असेल.”

“कामं मलाही असतात, बाबा. तरी तुम्ही बाजू त्याचीच घेणार.”

वडिलांनी अर्ज स्वतःकडे ओढला.

“पेन दे. हे खोडतो.”

“अर्ज फेटाळतील.”

“फेटाळू देत. मुलगा आहे, पण सांभाळत नाही, असं लिहितो. ह्यांच्या भाषेत ते कसं लिहायचं, तेवढं सांग.”