डिकीत मावणारी खुर्ची

...नाही, पण मला एक सांगा, चाकाची खुर्ची घेताना पहिला प्रश्न काय विचारायचा असतो? सांगा ना! बसणाऱ्याला नीट बसता येईल का, बरोबर? चूक! आमच्या घरी पहिला प्रश्न असा होता, की ती गाडीच्या डिकीत मावेल का! तुम्हाला सांगतो, माझा मुलगा टेप घेऊन सकाळी डिकीत शिरला तो जेवायच्या वेळेलाच बाहेर आला. लांबी घेतली, रुंदी घेतली, स्टेपनी बाहेर काढून पुन्हा लांबी घेतली. डिकीचं माप घेतलं, माझं नाही घेतलं! अरे, बसणार कोण? मी!

आता तुम्ही म्हणाल, काका, पण खुर्ची लागलीच कशाला? लागली. जन्मभर ट्रक चालवला, बरं का. घाट उतरवले, धुक्यात उतरवले, एकदा तर मागे लोखंडी सळ्या भरलेल्या आणि समोर... जाऊ दे, ते सांगत बसलो तर खुर्ची राहील बाजूला. तर असा मी, आणि पडलो कशावरून? बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावरून! खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, धरून धरून चारच पावलं टाकायची, बाकी घरात काय नि बाहेर काय, व्हीलचेअर. आणि हे सांगितलं कुणाला? मला? छे! माझ्या डोक्यावरून आमच्या हिला सांगितलं. "बाबांना बाहेर न्यायचं असेल तर..." न्यायचं! मी काय सिलिंडर आहे न्यायला?

आणि मला कुठे जगाची सैर करायची होती? संध्याकाळी आम्ही दोघं तळ्यावर फिरायला जायचो. तेवढंच. सगळी उमेदीची वर्षं मी रस्त्यावर आणि ही घरात, म्हणून ट्रक सुटल्यावर ठरवलं, आता रोज हिच्या शेजारून चालायचं. फार काही बोलत नाही हो आम्ही. म्हणजे मी नाही बोलत. ही बोलते, मी हूं म्हणतो. पण त्या हूं म्हणण्याची सवय लागली होती. मी पडल्यावर थोडे दिवस ती एकटी जाऊन आली, आणि मग म्हणाली, "जाऊ दे, एकटीला काय फिरायचं." बास. तिथे मला फार वाईट वाटलं. मला एवढंच हवं होतं, तिच्या शेजारून तळ्यापर्यंत. खुर्ची मग कुठल्या का रंगाची असेना!

पण ऐकतंय कोण? मुलगा बसला मोबाईल घेऊन. "बाबा, ही बघा, एकदम हलकी! झटकन घडी होते! डिकीत फिट्ट!" मी म्हटलं, चाकं केवढी आहेत? "छोटी. छोटी चाकं म्हणजे वजन कमी." अरे पण मोठी चाकं असली तर मला हाताने फिरवता येतील ना? तर म्हणतो, "तुम्ही कशाला त्रास घेताय? आई ढकलेल की!" आई ढकलेल! आईचा उजवा खांदा पावसापाण्याचा ठणकतो, ती पाण्याची बादली डाव्या हाताने उचलते, हे याला माहीत नाही, आणि खुर्ची किती हलकी हे मात्र पाठ! अरे, खुर्ची हलकी आहे, पण मी? रिकामी खुर्ची ढकलत नेणार आहे का ती तळ्यावर? बसणार कोण? मी!

त्यात मुलीचा फोन. ती राहते लांब, पण तिचं मत कायम आमच्याच घरात मुक्कामाला असतं. "दादा, मोठ्या मापाची घे हं, बाबांना ऐसपैस बसू दे!" ऐसपैस! लहानपणी आम्ही तिचा गणवेश एक माप मोठा घ्यायचो, वाढतं अंग म्हणून. त्याचा सूड उगवला कार्टीने! आता मी काय वाढणार आहे का हो?

मी विचारलं, बाबा रे, एवढी रुंद खुर्ची दारातून जाईल का? "ते बघितलंय बाबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका." आपल्याला टेन्शन घेऊ नका म्हणाले ना, की समजायचं, आता घ्यायला हरकत नाही.

खुर्ची आली. घडी घातलेली. पठ्ठ्याने ती बगलेत मारली आणि घरभर फिरला. बेडरूमच्या दारात उभी धरली, "जाते!" बाथरूमच्या दारात धरली, "जाते!" लिफ्टमध्ये जाऊन आला, "बाबा, लिफ्टमध्ये तर अजून एक मावेल!" आम्ही खूश. ही तर टाळ्या वाजवायच्या बेतात. मग खुर्ची उघडली. उघडताना काय करायचं असतं, दोन्ही तळहात सपाट बैठकीवर ठेवायचे आणि खाली दाबायचं, बोटं आतल्या बाजूला. याने काय केलं? कडेच्या नळ्या मुठीत धरून दाबल्या. सापडलं बोट! मग बर्फ, मग फुंकर, मग "अगं आई गं"... म्हणजे खुर्ची माझ्यासाठी आणि विव्हळतोय हा!

असो. मी बसलो. बेडरूमकडे निघालो. आणि दारात... अडकलो! पुढे जाईना, तिरकी जाईना. मुलाने दाराकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे असं बघितलं जणू मीच मधल्यामध्ये फुगलोय! आणि म्हणतो कसा, "बाबा, मघाशी तर जात होती!" अरे, मघाशी तिची घडी होती! घडीतली खुर्ची जगातल्या कुठल्याही दारातून जाते, पण त्या घडीत मी कुठे बसू? घडीचं माप घेतलं या शहाण्याने, सगळ्या दारांना घडीचं! तेवढ्यात फोनवरून कन्यारत्न काय म्हणतं, "मग बाबांना हॉलमध्येच झोपवा ना!" म्हणजे खुर्ची दारातून जात नाही म्हणून माणसाने खोली सोडायची!

तरी मी म्हटलं, ठीक आहे. घरात नाही तर नाही, तळ्यावर तर जाऊ. संध्याकाळी निघालो. मी पुढे, ही मागे. ढकलतेय आणि बोलतेय. आता ट्रकमध्ये मागचं माणूस बोललं तर ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं, पण इथेही तेच! मागून नुसतं गुणगुण गुणगुण. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, काही नाही. पुन्हा गुणगुण. काय? काही नाही! मान वळवून बघावं तर दिसतो फक्त तिच्या साडीचा पदर. हिला शेजारी घेऊन निघायचं म्हणत होतो, आणि हिला मागे टाकून चाललो होतो! त्यात त्या ऐसपैस बैठकीत मी एकदा डावीकडे घसरतोय, एकदा उजवीकडे.

आणि आला आमच्या फाटकाबाहेरचा उतार. छोटासा हो! त्याला मी जन्मात कधी उतार म्हटलं नसतं. पण मागच्या हँडलला हिने दोन पिशव्या अडकवलेल्या, पुढे माझं धूड, आणि तोंड उताराकडे. खुर्चीने वेग घेतला! मागून "अहो! अहो! अहो!" अहो काय? अहोंच्या हातात काय आहे? मी म्हटलं ब्रेक! ओढला! एकच हाताला लागला, तो एकच ओढला! तुम्हाला सांगतो, गर्रकन वाट्टेल तशी फिरली खुर्ची, कठड्याला टेकली आणि थांबली. पिशव्या एकीकडे, चप्पल एकीकडे.

खुर्ची फिरली ना, तेव्हा बाहेर पडल्यापासून पहिल्यांदा मला हिचं तोंड दिसलं. पांढरंफटक. खांदा धरलेला. मी म्हटलं, "अगं, लागलं का?" तर मलाच विचारते, "तुम्हाला लागलं का?" ही मागच्या मागे एवढा वेळ खांदा दुखत असताना ढकलत होती, आणि मला दिसलंसुद्धा नाही. तिथेच सांगून टाकलं, ही खुर्ची परत जाणार. दुसरी घ्यायला मी येणार. कारण बसणार कोण? मी!

गेलो दुकानात. आता तरी मला विचारतील ना? दुकानदार मुलाला विचारतोय, "पेशंटचं वजन किती? पेशंटला स्वतः बसता येतं का?" अहो, मी बसलोच होतो! त्याच्या समोर! मी म्हटलं, पेशंटलाच विचारा, पेशंटला कान आहेत. तो बिचारा ओशाळला. मग म्हणाला, "काका, बसून बघा." हां! एवढं एक वाक्य, पण ते ऐकायला खुबा मोडून केवढं थांबावं लागलं!

बसून बघितल्या, चांगल्या पाच-सहा. एकीत मांड्या आवळल्या, एकीत कोपरं खांद्याला आली. मग एक बसली बघा. दोन्ही बाजूंना मांडी आणि कड यांच्यामध्ये सपाट हात जाईल एवढीच जागा. पाय खालच्या पायपट्ट्यांवर नीट टेकलेले, गुडघ्याच्या मागे बैठक रुतत नाही. आणि मागची चाकं मोठी! हात घातला, फिरवली, गेली! मुलगा टेप घेऊन पुढे आला. मी म्हटलं, थांब. उघडलेल्या खुर्चीचं घे, मी बसलेलो असताना घे, आणि माझे हात चाकांवर असताना कोपरापासून कोपरापर्यंत घे. ट्रकचं माप आरशांसकट घ्यायचं असतं. मग तो फोनवर घरी आईला दारांची मापं विचारू लागला, आणि सगळी जुळली. म्हणाला, "बाबा, पण डिकीत..." मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. म्हणाला, "मागची सीट पाडू."

आता खुर्ची चालवता येतेय म्हटल्यावर माझ्या अंगात ड्रायव्हर संचारला हो! दुकानभर चक्कर मारली, रिव्हर्स घेतला, काउंटरला खेटून उभी केली आणि रुबाबात उतरायला उठलो. कुठे पाय देऊन? त्या पायपट्ट्यांवर! ब्रेक न लावता! खुर्ची पुढून खाली, मागून वर, मी दुकानदाराच्या गळ्यात! जन्मभर क्लीनरला ओरडत आलो, अरे हँडब्रेक लावल्याशिवाय उतरू नकोस, आणि स्वतः? मुलगा ते सापडलेलं बोट चोळत माझ्याकडे बघत राहिला.

मग दुकानदाराने पुन्हा शिकवलं, आणि मी मुकाट्याने शिकलो. बसताना-उठताना आधी दोन्ही ब्रेक, दोन्ही, एक नाही. पायपट्ट्या वर. पाय जमिनीवर. मग उठायचं. ब्रेक हा उभ्या खुर्चीचा, चालतीचा ओढायचा नाही. पिशव्या हँडलला नाहीत, उठलं की खुर्ची मागे कलंडते. आणि उतार आला तर खुर्ची उलटी फिरवायची, मागचं माणूस खालच्या बाजूला, हळूहळू मागे मागे. घरी येऊन हे सगळं हिलाही दाखवलं. रिव्हर्स घ्यायचा म्हटल्यावर हिला कोण आनंद! आता फाटकाच्या उतारावर मी चाकं हाताने आवरतो, मुलगा असला तर तो मागे धरतो, नसला तर वॉचमन, आणि ही बाजूला उभी राहून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडते, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..." जन्मभरात मला असा क्लीनर मिळाला नाही!

आणि मग काल गेलो की तळ्यावर. मी चाकं फिरवतोय, ही शेजारी. अगदी शेजारी, हाताशी. हिचा आवाज सगळाच्या सगळा ऐकू येतोय, मी हूं म्हणतोय. मोकळ्या हाताने ती मधूनच खुर्चीच्या हाताला धरते, ढकलायला नाही, नुसतीच. डोळे भरून आले हो माझे, वारा होता म्हणून सांगितलं तिला.

तळ्याकाठी कॉफीवाला आहे, तिथे थांबलो. दोन्ही ब्रेक लावले. वेटर आला आणि माझ्या डोक्यावरून हिला विचारतो, "काकू, काकांना साखर चालते का?" म्हटलं, झालं, आला हा पण! मी तोंड उघडणार, तेवढ्यात ही कडाडली, "माझ्याकडे काय बघताय? त्यांची कॉफी आहे, त्यांना विचारा! समोर बसलेत ना!"

तुम्हाला सांगतो, ऊर भरून आला. वेटर वाकला, म्हणाला, "सॉरी काका. साखर किती?" मी ताठ बसलो, आवाज मोकळा केला, म्हटलं, "दोन चमचे."

आणि ही माझ्या कानाशी, अगदी शेजारून, म्हणते, "बिनसाखरेची आणा हो त्यांना."

काय करणार... म्हटलं, हूं.