चकाकी पुसलेला हिवाळा

हिवाळाभराची छायाचित्रं वाया गेल्याचं कळलं, त्या दिवशी मी नॉर्वेतल्या बर्गनच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत होतो. बायको गेल्यापासून दुपारी घरात बसवत नाही. समोरच्या बाकावर समुद्र संशोधन केंद्रातली माझ्या ओळखीची दोघं होती, सुनिवा आणि आयविंड.

"आयविंड, बोटीवरच्या आपल्या कॅमेऱ्याच्या काचेला काय चिकटवलंस?"

"चकाकी घालवणारी फिल्म. गॉगलला असते ना, तीच. पाणी फार चमकत होतं गं."

"चमकत होतं! अरे बाबा, त्या चमकेतला ध्रुवित, एकाच दिशेत कंपणारा प्रकाश तुझी फिल्म अडवते, आणि त्यावरूनच तर लाटांचा उतार कळतो. समुद्र किती खडबडीत, ते मोजायचं कशावरून?"

"पण चित्रं किती स्वच्छ आलीत बघ."

"फारच सुंदर. पाण्याखालचं शेवाळसुद्धा दिसतंय. कॅलेंडर छापू या."

"पुन्हा काढू की."

"काढू ना. फेब्रुवारीतल्या वादळाला फोन कर. म्हणावं, आमचं जरा चुकलं, परत ये."

"चिडू नकोस. वॅफल आणू?"

"आण. जॅम जास्त घाल. माझा प्रबंध बुडालाय, पोट तरी भरू दे."

"प्राध्यापकबाईंना मी सांगतो."

"तू नको. तू त्यांना चित्रं दाखवत बसशील."

बोट लागली तेव्हा पाणी अगदी सपाट होतं. फेब्रुवारीतला समुद्र मोजायचा राहून गेला.