पहिला नंबर कुणाला?

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सने बाकावरच्या दोघांना थेंब घातले आणि अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगितलं. तोंड मिटायला मात्र ती सांगायची विसरली.

"पहिल्या नंबरचा बॉक्सर म्हणे! कालच्या सामन्यात बारा फेऱ्या नुसता ठोसे चुकवत फिरला. मला तर जांभया आल्या," दोघांतला एक, शिंपी, म्हणाला.

"पण जिंकला ना? एक ठोसा लागू दिला नाही," शेजारचे रुंद खांद्यांचे आजोबा म्हणाले.

"ते जिंकणं काय चाटायचंय? बॉक्सर असावा तर तोफखान्यासारखा! तीस वर्षांपूर्वीची ती फायनल आठवते?"

"तुम्ही होतात तिथे?"

"होतो म्हणजे? खुर्चीवर उभा होतो! डावा डोळा सुजून बंद, तरी गडी हसत ठोसे खातोय आणि देतोय!"

"उजवा."

"काय उजवा?"

"डोळा. उजवा होता. पण काय ओरडत होता हो तुम्ही लोक! अजून अंगावर काटा येतो."

"बघा! मग सांगा, पहिला नंबर कुणाला द्याल?"

"तुमच्या त्या जांभयावाल्याला."

"कमाल करता राव!"

नर्स पुन्हा थेंब घालायला आली. शिंप्याच्या दोन्ही डोळ्यांत तिने एकेक थेंब घातला. आजोबांच्या फक्त डाव्या.